देवाच्या पानावरचा आकडा

दादा वजनाचे काटे दुरुस्त करतो. चाळीस वर्षं झाली, हेच काम. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले काटे त्याच्याकडे येतात, नाहीतर तो त्यांच्याकडे जातो, चपट्या लाकडी पेटीत पितळी वजनं घेऊन. ती वजनं तो उघड्या हाताने उचलत नाही. सुती हातमोजा घालतो, कारण बोटांचा घाम लागला की वजन वाढतं म्हणे. मी एकदा विचारलं, असं कितीसं वाढत असेल? तो म्हणाला, "तुला कळणार नाही इतकं." आणि थोड्या वेळाने, मी विषय विसरूनसुद्धा गेले होते तेव्हा म्हणाला, "पण वाढतं." माझा भाऊ कसा आहे असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते.

मी त्याची धाकटी बहीण. त्याच्या वरच्या मजल्यावर राहते. कपडे घट्ट-सैल करून देते, चेन बदलते, बाह्या आखूड करते. लग्न केलं नाही. का केलं नाही ते इथे सांगत बसत नाही, ही गोष्ट माझी नाही. दादा खोटं बोलत नाही आणि मागत नाही. पहिल्याचं लोक कौतुक करतात, दुसऱ्याचा ताप घरच्यांना होतो. लहानपणी तहान लागली की हा पाण्याच्या भांड्याजवळ जाऊन उभा राहायचा. कुणीतरी विचारेपर्यंत उभाच. आई म्हणायची, हा मुलगा तोंड उघडायला महाग आहे. तो आता त्रेसष्ट वर्षांचा आहे आणि त्यात काडीचा फरक पडलेला नाही.

अशा माणसाने अठरा वर्षं दर शनिवारी चार वाजता घरी माणसं जमवली, हे मला अजूनही खरं वाटत नाही. जमायची ती खेळायला. पत्ते नव्हेत, कॅरम नव्हे. जेवणाच्या टेबलाभोवती पाच मोठी, कमावती, चष्मेवाली माणसं बसायची आणि आपण दुसरंच कुणीतरी आहोत असं समजून तीन तास बोलायची. खेळ दादा चालवायचा, म्हणजे जग त्याचं. कुठे जंगल आहे, कुठल्या दारामागे काय दबा धरून बसलंय, ते त्यालाच ठाऊक. बाकीचे चौघे त्या जगात फिरणारे. काही करायचं म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पडेल तो आकडा निमूट मान्य करायचा. प्रत्येक राक्षसाचा, प्रत्येक देवाचा एकेक कागद असतो. त्यावर एक चौकट असते, आणि त्या चौकटीत त्याचा जीव आकड्यात लिहिलेला असतो. त्याला ते हिट पॉइंट म्हणतात. वार बसला की आकडा कमी होत जातो, शून्य झालं की कारभार आटोपला. हे मी वहिनीकडून तीनदा समजून घेतलं आणि तीनदा म्हटलं, तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का?

खेळणाऱ्यांत एक वहिनीच. दुसऱ्या गल्लीच्या टोकाच्या बेकरीवाल्या बाई, तिसरे एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणारे सर. हे सर इतके हळू बोलायचे की टेबलावर एखादा राक्षस आला तरी त्याला आधी "माफ करा" म्हणतील असं वाटायचं. आणि चौथा दंतवैद्य. दादा त्याला कवळी म्हणतो. काडीसारखा माणूस, बोटं बायकांच्यापेक्षा नाजूक, आणि खेळात मात्र हा सहा फुटी आडदांड तलवारबाज. दादाच्या आयुष्यात मित्र म्हणावा असा हा एकच. दोघं शाळेपासून बरोबर. टेबलावर सगळ्यांनी एकमेकांना "तू" म्हणायचं असा दादाचा नियम होता, त्यामुळे चारचौघांत दादाला "तुम्ही" म्हणणारी वहिनी शनिवारी चार ते सात "तू" म्हणायची. मला वाटतं, ती तेवढ्यासाठीच बसायची.

दादाचा आणखी एक नियम होता, तो मात्र त्याच्या धंद्यातून आलेला. एखादा मोठा प्राणी मेला की तो कागद उलटा करून सगळ्यांपुढे ठेवायचा. बघा, एवढा जीव होता, एवढे वार बसले, मोजून घ्या. गिऱ्हाइकापुढे काटा तपासून दाखवतात, तसं. आणि टेबलावर जे झालं ते झालं. फासा परत टाकायचा नाही, मेलेला परत आणायचा नाही. बेकरीवाल्या बाई एकदा यावरून रडकुंडीला आल्या होत्या. दादा ढिम्म.

वहिनी पारशी, जरथुश्त्री घरातली. पूजाअर्चा फारशी करत नसे, पण तिचे आजोबा होते, आणि त्यांच्याकडून ऐकलेलं तिच्या डोक्यात पक्कं होतं. दादाच्या फायलीत तीस-चाळीस देवांची पानं झाली होती. बहुतेक त्याने आणि सरांनी मिळून रचलेले. एक समुद्राचा, एक चोरांचा, एक तर नुसता वाट चुकलेल्यांचा. एके दिवशी वहिनी म्हणाली, "माझ्या आजोबांचाही ठेव ना एक." दादाने दोन महिने खपून अहुर मज्दाचं पान लिहिलं. सगळ्यांच्या आधीचा, सगळं घडवणारा, ज्याला फसवता येत नाही असा. त्याचं प्रकाशाचं शहर, त्याचे सहा सहायक, पलीकडे अंधारात त्याचा वैरी अंग्र मैन्यू. हे बरंचसं वहिनीने सांगितलेलं. बाकीचं दादाने आपल्या पदरचं घातलं. त्याच्या जगातला हा देव काहीही निर्माण करण्याआधी तोलून बघायचा. पाणी किती, अंधार किती, एका माणसाला सोसेल असं दुःख किती. वहिनी ते वाचून पोट धरून हसली. म्हणाली, "आजोबांच्या देवाला तू दुकानात नोकरीला लावलंस की."

मग तिने चौकटीवर बोट ठेवलं. "एवढी रिकामी ठेव."

"का?"

"आकडा लिहिलास की हे लोक मारतील त्याला."

सगळे हसले, कारण ते खरं होतं. या खेळणाऱ्यांची जातच तशी. ज्याला आकडा आहे त्याला आज ना उद्या कुणीतरी मारायला जातंच, मग तो देव का असेना. तर ती चौकट रिकामी राहिली. मी चहाचे कप उचलत होते, तेव्हा वहिनी दादाला हळूच म्हणाली, "आणि त्याला बोलायला कुणीतरी दे. सगळ्यांच्या आधीचा म्हणजे बरोबरीचं कुणीच नाही रे. किती एकटा पडत असेल." दादाने सहा सहायकांकडे बोट दाखवलं. वहिनी म्हणाली, "सहायक वेगळे." अकरा वर्षं ते पान तसंच होतं.

वहिनी आजारी पडली ती नऊ महिने. शेवटचे दोन महिने घरीच. औषधाचं प्रमाण तिच्या वजनावर ठरायचं, म्हणून दवाखान्यातल्यांनी रोज सकाळी वजन करायला सांगितलं होतं. तिला उभं राहता येत नव्हतं. दादाने दुकानातून पोती तोलायचा काटा आणला, स्वतः तपासला, पलंगाशेजारी मांडला. रोज सकाळी तो तिला दोन्ही हातांवर उचलून काट्यावर उभा राहायचा. मी आकडा वाचायची. मग तिला निजवून एकटाच उभा राहायचा. मी दुसरा आकडा वाचायची, वजाबाकी करायची आणि वहीत लिहायची. दादा कायम एकाहत्तर. वहिनी बावन्न, एकोणपन्नास, चव्वेचाळीस. तिला उचलताना पहिल्या पहिल्यांदा तो गुडघ्यात वाकायचा, नंतर वाकावंसुद्धा लागेना. शेवटचा आकडा अडतीस. तीन दिवस अडतीसच होता. त्यातल्या मधल्या दिवशी तिचा एक हलता दात फार ठणकायला लागला, तर दंतवैद्य आपली पेटी घेऊन घरी आला आणि काढून गेला. चौथ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन खाली गेले तेव्हा काट्याची गरज उरली नव्हती.

दोन महिन्यांनी खेळ पुन्हा सुरू झाला. मला बरंच वाटलं. माणसात येतोय, म्हटलं. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. टेबलावर सगळे कुठेतरी फार लांब, प्रकाशाच्या शहरात पोचले होते आणि समोर अहुर मज्दा बसला होता. दादा त्याच्या वतीने काहीच बोलत नव्हता. नुसतं म्हणाला, "तो बसलाय. दमलाय." दंतवैद्य गमतीत म्हणाला, "मग मी वार करतो." बाकीचे हसले. सर आपल्या त्या हळू आवाजात म्हणाले, "पण त्याला आकडा नाही ना."

"आहे," दादा म्हणाला.

मग, काय सांगू, लहान मुलांसारखे सुटले. खुद्द सगळ्याचा कर्ता समोर आणि त्याला आकडा आहे, असा डाव कुणाच्या आयुष्यात येतो? फासे पडत राहिले. दादाने देवाच्या बाजूने एकदाही फासा टाकला नाही, नुसती पेन्सिलीने वजाबाकी करत गेला. पाऊण तासात आटोपलं. शेवटचा वार दंतवैद्याचा. फाशावर वीस पडले, यांच्यात ते फार मोठं समजतात, आणि तो खुर्चीवर उभा राहून दोन्ही हात वर करून ओरडला. दादाने नियमाप्रमाणे कागद फिरवून सगळ्यांपुढे ठेवला. मी ट्रे ठेवायला जागा शोधत होते, मी काही पान बघितलं नाही. दंतवैद्य खुर्चीवरून उतरला आणि बाकीचं बोलणं चालू असताना गप्प बसून राहिला, एवढं आठवतं. चहा न घेता गेला.

पुढच्या शनिवारी त्याच्याकडे म्हणे तातडीचा पेशंट होता. त्याच्या पुढच्या शनिवारी दुसरा. मग काहीच निरोप नाही. बेकरीवाल्या बाई आणि सर एक-दोनदा येऊन बसले, पण तलवारबाज नाही, वहिनी नाही, तर पुढे जायचं कसं? तेही बंद झाले. दादा काही बोलला नाही. फोन केला नाही, दंतवैद्याचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे आहे, तिथे गेला नाही. शनिवारी साडेतीनला टेबल पुसायचा, फासे वाटीत काढून ठेवायचा, पाच खुर्च्या मांडायचा आणि सातपर्यंत बसायचा. सातला उचलायचा. वीस महिने.

मी एकदा म्हटलं, मी बसते तुझ्याबरोबर, त्यात काय एवढं. बसले. दादाने विचारलं, "तू कोण आहेस?"

"मी कोण म्हणजे? तुझी बहीण."

"टेबलावर कोण आहेस?"

"टेबलावर पण तुझी बहीणच आहे मी. दिसत नाही का?" मी चिडून म्हटलं. त्याने मान हलवली आणि माझ्यासाठी चहा करायला उठला. मला रडू आलं ते त्याने बघितलं नाही, हे बरं झालं.

घरात आवाज असा उरला नव्हता. जमीन पातळ आहे आमच्याकडे, खाली नळ सोडला तरी मला वर कळतं. आधी मला त्याचं खोकणं, वहिनीशी बोलणं, शनिवारचा गलका ऐकू यायचा. आता आठवडाच्या आठवडा नुसत्या खुर्च्या सरकल्याचा आवाज, दर शनिवारी, पाच. पुढे एकदा भाजीवाली मला म्हणाली, "तुमच्या भावाला घशाचं काही झालंय का? बोटाने दाखवून घेतात." माझं वय एकोणसाठ, रक्तदाब मेला वर चढून बसलाय. उद्या मी गेले तर या माणसाच्या दारावर थाप मारणारं कुणी उरणार नाही, आणि तो काही स्वतःहून कुणाच्या दारावर जायचा नाही. मी ठरवलं, काहीही करून त्या कवळीला परत आणायचा. पण आधी काय झालंय ते कळायला हवं होतं.

ते कळलं लाइट बिलाच्या फायलीत. दादा कामावर होता, मी जुनं बिल शोधत होते आणि देवांची पानं हाताला लागली. सगळ्यात वर अहुर मज्दा. चौकटीत, वहिनीने रिकामी ठेवायला लावलेल्या चौकटीत, दादाच्या अक्षरात लिहिलं होतं: अडतीस. खाली वजाबाक्या. शेवटी शून्य.

मी ते पान हातात घेऊन तिथेच फरशीवर बसले. साठ दिवस वहिनीचे आकडे मी माझ्या हाताने वहीत लिहिलेले. हा शेवटचा कुणाचा, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी दादा आला तेव्हा पान टेबलावरच होतं. त्याने बघितलं. हातमोजा काढून घडी करून ठेवला.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"लिहिला."

"ते दिसतंय. का लिहिलास?"

त्याने पान उलटं घातलं. मग म्हणाला, "त्याला सांगू नकोस."

"कुणाला?"

"कवळीला. त्याने शेवटचा मारला. त्याला यातलं काही सांगायचं नाही. शपथ घे."

मला सगळं लख्ख दिसलं, असं मला वाटलं. म्हणजे हा मूग गिळून बसलाय तो मित्रासाठी. तिच्या आकड्यावर तो बिचारा खुर्चीवर चढून नाचला, हे त्याला कळलं तर त्याला जन्मभर लागून राहील. म्हणून हा फोन करत नाही, कारण फोन केला तर विचारेल, आणि विचारलं तर याला खोटं बोलता येत नाही. मला त्याचा इतका अभिमान वाटला आणि इतका राग आला की त्याचं डोकं भिंतीवर आपटावं असं वाटलं. मी शपथ घेतली नाही. त्याने पुन्हा मागितलीही नाही.

तिसऱ्या दिवशी मी दंतवैद्याकडे गेले. दाढ दुखत होती हे खरं, तशी ती वर्षभर दुखत होती. मनात जुळवाजुळव करून गेले होते. आकड्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, नुसतं म्हणायचं, दादा एकटा पडलाय, या एकदा. पण दवाखान्यात कुठे बोलायला मिळतं? खुर्चीत बसले न बसले तोच याने सुई दिली, गालात कापूस कोंबला आणि जबड्यात चिमटा अडकवला. मी डोळे फिरवून बोलायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "हलू नका, ताई." मग आरसा घालून दाढ बघत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा कसा आहे?"

मी हात हलवला, असातसा.

त्याने आरसा खाली ठेवला. "मी येत नाही, म्हणून तुम्ही आलात ना?"

मी मान डोलावली. तोंडात एवढा ऐवज, दुसरं काय करणार?

"ताई, वहिनींचा दात काढला मी, आठवतंय? सुई द्यायच्या आधी वजन विचारावं लागतं. औषध किती भरायचं ते त्यावर असतं. मी दादाला विचारलं. तो म्हणाला, अडतीस." तो खुर्चीच्या पेडलवरून पाय काढून बाजूच्या स्टुलावर बसला. "त्याने पान फिरवलं तेव्हा मी खुर्चीवर उभा होतो. हात वर होते माझे. वरूनच वाचलं."

माझ्या घशातून काहीतरी आवाज निघाला असावा, कारण तो दचकला.

"दुखतंय का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"पुढच्या शनिवारी मी निघालो होतो. जिन्यापर्यंत आलो आणि परत फिरलो. काय तोंड दाखवू? तो एक अक्षर बोलला नाही, मला पाठीशी घातलं त्याने. असा माणूस समोर बसून पुन्हा मला 'तुझी पाळी' म्हणणार, आणि मी फासा टाकणार?" त्याने पुन्हा आरसा उचलला आणि न बघताच ठेवून दिला. माझी दाढ त्या दिवशी तशीच राहिली. कापूस काढल्यावर, अर्धा ओठ बधिर, लाळ गळतेय, अशा अवस्थेत मी जेवढं जमलं तेवढं म्हटलं. "शनिवारी या. चारला. नाही आलात तर मी तुमचा दवाखाना डोक्यावर घेईन."

घरी येताना मी मनातल्या मनात हसत होते. दोघं एकमेकांना जपण्यासाठी वीस महिने दोन गल्ल्यांवर बसून राहिले. यांना शाळेतून कुणी पास केलं कोण जाणे.

शनिवारी दादाने टेबल पुसलं, वाटी ठेवली, पाच खुर्च्या मांडल्या. मी आधीच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते, बिस्किटं काढायच्या निमित्ताने. बरोबर चारला दार वाजलं. दादा उठला. कडी निघाल्याचा आवाज आला.

"एकटाच?" दादा म्हणाला.

"एकटाच."

खुर्ची सरकली. दुसरी सरकली. मी दाराच्या फटीतून बघितलं तर दोघं समोरासमोर बसलेले, मध्ये ती फाशांची वाटी. दंतवैद्याने एकदम बोलून टाकलं, जसा दात उपटावा तसा. "आकडा मला माहीत होता. तू पान फिरवलंस तेव्हाच कळला. मला माफ कर."

मी वाट बघत होते की आता दादा म्हणेल, असू दे, तुला काय ठाऊक होतं. मी तर बशीत बिस्किटं मांडायला घेतली होती.

"तू कशाची माफी मागतोस?" दादा म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता, वापर नसल्यासारखा. "तो आकडा मी लिहिला. तुमच्यापैकी कुणीतरी मारणार हे मला ठाऊक होतं. तिनेच सांगितलं होतं ना, आकडा लिहिलास की मारतील. म्हणूनच लिहिला."

"का पण?"

"तिला मी रोज उचलायचो. रोज कमी. एक दिवस मनात आलं, आता संपलं तर बरं. मग रोज यायला लागलं. मी काट्यावर उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, आज शेवटचं असू दे. ही बाजूला उभी राहून आकडा लिहायची आणि मी तिला हातात धरून हे मनात आणायचो." ही म्हणजे मी. "ती गेली त्या सकाळी मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, सांग."

दंतवैद्याने मधली फाशांची वाटी बाजूला सरकवली.

"हलकं वाटलं. आधी ते, रडू नंतर आलं. मग मला वाटलं, पुन्हा तेच वाटतं का ते टेबलावर एकदा बघावं. दुसऱ्या कुणाच्या हाताने. तू शेवटचा मारलास, ओरडलास, आणि मला परत तेच वाटलं. अगदी तेच." त्याने दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. "तुला मी पाठीशी घातलं नाही रे. तू आलास तर तुझ्या तोंडाकडे बघून मला ते आठवेल, म्हणून मी तुला बोलावलं नाही. खुर्ची मात्र मांडून बसायचो, म्हणजे मी बोलावत नाही असं नव्हे, तूच येत नाहीस असं म्हणता येईल."

मी स्वयंपाकघरात बशी हातात घेऊन उभी. माझा सख्खा भाऊ. साठ सकाळी मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून वजाबाकी केली आणि मला यातलं काही कळलं नाही. आणि आता सांगतोय तो मला नाही, या काडीला. मला फार लागलं ते, कबूल करते. मी त्याच्यासाठी दोन गल्ल्या पायपीट केली, दाढ पणाला लावली, त्याच्या मोठेपणावर तीन दिवस मनातल्या मनात अभिमानाने फुगले. आणि तो इतके दिवस त्या पाच खुर्च्यांमध्ये हे एकटा धरून बसला होता.

पण राग टिकला नाही. कारण त्या चौथ्या सकाळी वही घेऊन मी खाली गेले, पलंगाकडे बघितलं, आणि वही मिटताना मनात आलं होतं की आता रोज खाली यायला नको. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही दुसऱ्यांदा सांगितलं नव्हतं. मला वाटायचं असलं काही फक्त माझ्यासारख्या वाईट बाईच्या मनात येतं, दादासारख्याच्या मनात कसं येईल?

मी बाहेर आले. दोघांनी माझ्याकडे बघितलं, मी तिथे आहे हे विसरले होते बहुतेक. मी बशी टेबलावर ठेवली आणि वहिनीच्या खुर्चीत बसले, कारण तीच जवळ होती.

"दादा," मी म्हटलं, "मलाही हलकं वाटलं होतं."